रीफ टँकमधल्या बारक्या गोगलगायींसाठी मोबाईलची क्लिपवाली मॅक्रो लेन्स, वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, ही लेन्स ज्याने बनवली त्याने फुलं, मुंग्या, दागिने हे डोळ्यासमोर ठेवून बनवलीय, खाऱ्या पाण्याची टाकी त्याच्या स्वप्नातही आली नसेल. त्यामुळे खाली जे लिहितोय ते रीफ टँकवाल्यांच्याच (खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत कोरल म्हणजे प्रवाळ पाळणाऱ्यांच्या) कामाचं आहे, ज्यांना अंगठीचे क्लोजअप काढायचेत त्यांनी बाकीचे रिव्ह्यू वाचा, तिकडे सगळे खूश आहेत.

मी घेतली ती टाकीत न आणता आलेल्या बारक्या गोगलगायींसाठी. ज्यांच्याकडे रीफ आहे त्यांना हा प्रकार माहितीये, दिवसा सगळं आलबेल असतं आणि रात्री लाईट बंद झाल्यावर सहज टॉर्च मारला की काचेवर ठिपके चालताना दिसतात. आपण आणलेले असतात दोन टर्बो (शेवाळ खाणाऱ्या मोठ्या गोगलगायी), मग हे पन्नास कुठून आले? तर येतात लाईव्ह रॉक म्हणजे समुद्री जीव लागलेल्या दगडावरून, कोरल ज्या प्लगवर (छोट्या बैठकीवर) चिकटवलेलं असतं त्या प्लगच्या खालच्या बाजूने, चेटो नावाच्या शेवाळाच्या गुंत्यातून, कधी दुसऱ्या गोगलगायीच्या पाठीवर बसून. अंडी नाहीतर मिलीमीटरभराची पिल्लं असतात, दुकानातल्या निळ्या लाईटखाली ती कोणाच्या बापाला दिसत नाहीत. कोरड्या दगडाने टाकी सुरू केली तर पहिले काही महिने काही दिसत नाही, मग आपण झोअँथिड ह्या कोरलसारख्या जिवाचा एक फ्रॅग (छोटा तुकडा) आणतो आणि झालं. डिप केलं, म्हणजे औषधाच्या पाण्यात बुडवून काढलं, तरी अंडी बऱ्याचदा वाचतात, त्यामुळे "मी तर डिप केलं होतं" हे वाक्य माझ्या ओळखीच्या प्रत्येक रीफवाल्याने एकदा तरी बोललेलं आहे.

आता खरा प्रॉब्लेम असा की नुसत्या डोळ्यांना हे सगळे जीव सारखेच दिसतात, पांढुरका ठिपका, बस. आणि ह्या ठिपक्यांमध्ये एक जात टाकी फुकटात साफ करून देते, एक जात तुमच्या टर्बोचं रक्त पिते, एक जात कोरलला छळते आणि एक तर गोगलगायच नसते. सल्ले विचाराल तर अर्धे म्हणतात "काही नाही रे, चांगलं असतं", उरलेले अर्धे म्हणतात "सगळा दगड काढून उकळ". एका दुकानात (नाव नाही लिहीत) मला सरळ गोड्या पाण्यातल्या टाकीसाठी असतं ते गोगलगाय मारायचं औषध काढून दिलं. बाटली फिरवून बघितली तर त्यात कॉपर (तांबं). रीफमध्ये कॉपर म्हणजे गोगलगायींबरोबर श्रिंप, खेकडे, कोरल सगळ्यांचाच कार्यक्रम, वर ते दगडात आणि वाळूत मुरून बसतं आणि नंतर हळूहळू सुटत राहतं. बाटली तिथेच काउंटरवर ठेवून आलो. पण तेव्हा एक गोष्ट पक्की झाली की काय आहे ते नीट दिसल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि दिसण्यासाठी काहीतरी घ्यायला पाहिजे.

पहिला विचार भिंगाचा होता, घड्याळ दुरुस्तीवाले डोळ्याला लावतात तसलं १०x चं. पण १०x चं भिंग साधारण २५ मिलीमीटरवर फोकस होतं, त्यातली काचेची जाडी गेली, मग नाक काचेला टेकवून एका डोळ्याने बघत बसायचं, श्वासाने काच धुरकट होते आणि दुसऱ्या कोणाला दाखवताही येत नाही. यूएसबी मायक्रोस्कोप छान असतो पण तो काढलेल्या गोष्टीसाठी, टाकीच्या आतल्या चालत्या जिवासाठी नाही. म्हणून मोबाईलची लेन्स. सातशेच्या आसपास पडली, डब्यात १५x लिहिलेली मॅक्रो, तिच्यावरच फिरवून बसणारी एक वाईड अँगल (निरुपयोगी, कडेला सगळं वाकडं, भाच्याला खेळायला दिली), एक नारिंगी फिल्टर, क्लिप आणि कापडी थैली.

हे जे १५x वगैरे आकडे डब्यावर छापतात ना त्याला काही अर्थ नाही, कोण काय मोजतं देव जाणे. तुम्ही बघायची गोष्ट एकच, लेन्स किती अंतरावर फोकस करते. माझी साधारण अडीच-तीन सेंटीमीटरवर करते. माझ्या टाकीची काच ८ मिलीमीटरची आहे, म्हणजे लेन्स काचेपासून थोडी लांब धरून आतल्या बाजूला चिकटलेली गोगलगाय एकदम टिपटॉप फोकसमध्ये येते. मित्राने जास्त पॉवरची घेतली होती, २५x का काय लिहिलेली, ती त्याच्या १२ मिलीमीटरच्या काचेवर टेकवली तरी फोकस काचेच्या मध्येच कुठेतरी अडकतो, त्याला फक्त स्वतःच्या काचेवरचे ओरखडे हाय रिझोल्यूशनमध्ये मिळाले. तर मोठा आकडा बघून भुलू नका. आणि मागच्या दगडावर बसलेली गोगलगाय ह्या लेन्सने दिसणार नाही ती नाहीच, जे काचेवर येईल किंवा काचेला अगदी लागून असेल तेवढंच. सुदैवाने ह्या बारक्या मंडळींना काचेवरची शेवाळाची फिल्म आवडते त्यामुळे रात्री त्या स्वतःहून फोटोला येतात.

क्लिपबद्दल तक्रार आहे. आजकालच्या फोनला तीन-तीन कॅमेरे, लेन्स मेन कॅमेऱ्यावर बरोब्बर मध्ये बसवावी लागते, कव्हर असेल तर सरकते, म्हणून कव्हर काढा. त्यात फोन स्वतःला शहाणा समजतो, जवळची वस्तू दिसली की आपोआप वाईडवाल्या कॅमेऱ्यावर उडी मारतो आणि स्क्रीनवर एकदम काळा गोल येतो, मला वाटलं लेन्सच खराब निघाली. सेटिंगमध्ये जाऊन ते ऑटो मॅक्रो बंद करावं लागतं. हे डब्यातल्या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही, कागदावर फक्त एक हसणारी बाई आणि एक फूल आहे.

आता टाकीवर कशी वापरायची ते थोडं सविस्तर, कारण ह्याच्यावरच सगळं अवलंबून आहे आणि हे न करता लोक एक स्टार देऊन मोकळे होतात. काच आतून मॅग्नेटने आणि बाहेरून ओल्या फडक्याने साफ करा, बाहेरच्या काचेवर सुकलेले मिठाचे शिंतोडे असतात ते फोटोत डोंगराएवढे दिसतात. वेव्हमेकर आणि रिटर्न पंप (टाकीतलं पाणी फिरवणारे पंप) बंद करा, पाणी हलत असलं की आत तरंगणारा प्रत्येक कण फोटोत रेघ होऊन येतो (आणि नंतर चालू करायला विसरू नका, मी फोनवरच पाच मिनिटांचा अलार्म लावतो). फोन काचेला एकदम सरळ समोर धरा, जरा तिरका झाला तरी काच आणि पाणी मिळून चित्र फाडतात, कडेला जांभळी-हिरवी झालर येते. फोनचा स्वतःचा फ्लॅश वापरू नका, तो काचेवरून सरळ परत येतो. वेगळा टॉर्च घेऊन वरून किंवा बाजूच्या काचेतून मारा, आणि त्यावर लाल जिलेटिन लावलंत तर अजून चांगलं, पांढऱ्या उजेडात त्या लगेच पळतात, म्हणजे त्यांच्या मानाने पळतात. फोटो काढण्यापेक्षा व्हिडिओ घ्या, फोकस बोट दाबून लॉक करा आणि हात अगदी किंचित पुढे-मागे करत रहा, नंतर व्हिडिओतून जी फ्रेम शार्प असेल ती काढा. बसल्या जागी एका दमात हे करायचं, उभ्याने केलं तर कंबरेचे हाल.

नारिंगी फिल्टरबद्दल लोक खूप भरभरून लिहितात म्हणून सांगतो. रीफ लाईट ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा फेकतात, फोनला तो झेपत नाही, सगळं निळं-जांभळं येतं. फिल्टर तो निळा कापतो आणि झोअँथिडचे रंग डोळ्याला दिसतात तसे येतात, त्यासाठी फिल्टर मस्त आहे. पण गोगलगायींसाठी तो लावू नका! शंखाचा खरा रंग, पट्टे, ठिपके हे ओळखायला लागतात आणि फिल्टरमधून सगळेच नारिंगी दिसतात. लाईट पांढऱ्या मोडला नाहीतर साध्या टॉर्चवर बघा.

तर दिसलं काय. काचेवरच्या बहुतेक निघाल्या कॉलोनिस्टा, हॉबीवाले ज्यांना मिनी टर्बो म्हणतात त्या. दोन ते पाच मिलीमीटर, गोलसर फुगीर शंख, लेन्समधून बघितलं की त्यावर तपकिरी-पांढरी नक्षी दिसते जी नुसत्या डोळ्यांना कधीच दिसली नव्हती, पुढे दोन लांब मिशा आणि त्यांच्या मुळाशी काळे ठिपक्याएवढे डोळे. व्हिडिओत तर तोंड काचेवर घासत पुढे जाताना दिसतं, जिथून गेली तिथे फिल्म साफ. हात लावला की आत जाते आणि पांढरं गोल दगडी झाकण लावून घेते. ही पूर्णपणे निरुपद्रवी, दिवसा दगडाखाली झोपते, रात्री शेवाळ खाते, टाकीतच पिल्लं काढते. खूप वाढल्या तर समजायचं खायला खूप आहे, शेवाळ कमी झालं की संख्या आपोआप उतरते. ह्यांना मारायचं काहीही कारण नाही, उलट बाहेर क्लीनअप क्रू म्हणून लोक पैसे देऊन गोगलगायी घेतात.

आईला स्क्रीनवर मोठा करून दाखवला व्हिडिओ, तिचं माहेर देवगडकडचं, तिने चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, "हे शिजवूक पण पुरूचे नाय रे." विषय संपला.

दुसरा प्रकार काचेच्या कोपऱ्यात आणि ओव्हरफ्लोमध्ये (टाकीतलं पाणी जिथून खाली उतरतं त्या कप्प्यात), पांढऱ्या चकतीसारख्या बारीक गुंडाळ्या, मिलीमीटर-दोन मिलीमीटरच्या, शेकड्याने. ह्यांना सगळे गोगलगाय समजतात पण ते स्पायरॉर्बिड म्हणजे नळीत राहणारे किडे. ओळखायचं कसं तर ते जागचे हलत नाहीत, चिकटलेले असतात, आणि लेन्समधून थोडा वेळ थांबून बघितलं की गुंडाळीच्या तोंडातून एक बारीकसा पंखा बाहेर येतो, पाण्यातलं खाणं गाळून घेतो आणि टॉर्च हलला की आत. माझ्या मते सातशे रुपयांतले निम्मे त्या पंख्याला बघूनच वसूल झाले. निरुपद्रवी, काचेवर नको असतील तर ब्लेडने खरवडा.

मग स्टोमॅटेला. शंख चपटा आणि अंगापेक्षा लहान, आतलं काळपट मांस बाहेर आलेलं, आणि गोगलगाय असून चक्क धावते, म्हणून लेन्सच्या फ्रेममध्ये ठेवणं अवघड. लोक हिला स्लग समजून काढून टाकतात. पकडायला गेलात तर पायाचा मागचा तुकडा तोडून टाकते आणि निसटते, तो तुकडा वळवळत राहतो आणि पकडणाऱ्याचीच बोंब होते. शेवाळ खाण्यात एक नंबर, असेल तर नशीब समजा.

आता वाईट बातमी. माझे दोन टर्बो आहेत त्यातला एक काही काळापासून मंद झालेला, काचेवरून पडायचा, उलटा पडला की तसाच. पाणी तपासलं, सॅलिनिटी (खारेपणा) ३५, टेंपरेचर २६, नायट्रेट वगैरे ठीक. रात्री तो काचेवर असताना लेन्स लावली आणि शंखाच्या कडेला, जिथून त्याचं अंग बाहेर येतं तिथे, तांदळाच्या कणीएवढे पांढरे टोकदार शंख ओळीने बसलेले. पिरॅमिडेलिड. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ती ही. हिला बाकी गोगलगायींसारखी शेवाळ खरवडायची दातेरी जीभच नसते, त्याऐवजी सुईसारखी सोंड असते, ती यजमानाच्या मांसात खुपसून रस ओढते. टर्बो, ट्रोकस, आणि ज्यांच्याकडे जायंट क्लॅम (मोठा शिंपला) आहे त्यांच्या क्लॅमला ह्या लागतात. क्लॅमच्या बाबतीत दिवसा बुडाशी, वाळूत लपतात आणि रात्री वर कडेला येतात, म्हणून दुपारी बघून "काही नाहीये" म्हणू नका. नुसत्या डोळ्यांना ही आणि कॉलोनिस्टाचं पिल्लू दोन्ही पांढरे ठिपकेच, पण लेन्समधून फरक शेंबड्या पोरालाही कळेल, एक गोल आणि नक्षीदार, दुसरी लांबट, निमुळती, गुळगुळीत पांढरी. आणि वागणं बघा: काचेवर मोकळी फिरत शेवाळ चरतेय ती आपली, दुसऱ्याच्या अंगाला खेटून एका जागी बसलीय ती नाही.

उपाय काही रॉकेट सायन्स नाही. टर्बो बाहेर टाकीच्याच पाण्यात एका डब्यात घेतला, जुन्या टूथब्रशने शंखाची कड घासून सगळ्या काढल्या, शंखावर जे पारदर्शक जेलीसारखे ठिपके दिसतात ती त्यांची अंडी असतात, ती पण घासून काढली, आणि दोन्ही टर्बो वेगळ्या टबात ठेवून रोज रात्री लेन्सने तपासणी. परत दिसल्या, परत घासलं. सिक्सलाईन रास मासा ह्यांना टिपून खातो असं बऱ्याच जणांचा अनुभव सांगतो, पण तो मासा छोट्या टाकीत बाकीच्यांना सुखाने जगू देत नाही, म्हणून मी आणला नाही. टर्बो आता परत टाकीत आहे आणि काचेवरून पडत नाही.

वर्मेटिड म्हणजे नळीवाली गोगलगाय पण सापडली, एकच, झोअँथिडच्या प्लगवर. ही पण खरीखुरी गोगलगाय, फक्त शंख गुंडाळायचं सोडून वेडीवाकडी कडक नळी बांधते, तिथेच कायमची चिकटते आणि चिकट धागे सोडून पाण्यातलं खाणं गोळा करते. धागे कोरलवर पडले की कोरल मिटून घेतं. हे नुसतं दिसायला वाईट एवढंच नाही, पॅसिफिकमधल्या मूरिआ बेटावर जंगली रीफवर केलेला एक अभ्यास २०१० साली छापून आला होता, त्यात मोठ्या वर्मेटिडजवळच्या कोरलची वाढ ८१ टक्क्यांपर्यंत कमी झालेली आढळली. आपल्या टाकीतल्या बारक्या जाती तेवढ्या भयंकर नसतात पण वाढल्या की डोकेदुखी. लेन्सने धागा दिसत नाही खरं सांगायचं तर, अगदी बारीक असतो, टॉर्च बाजूने मारला आणि थोडं खाणं टाकलं की मग त्यावर कण अडकलेले दिसतात. नळीच्या तोंडावर सुपरग्लू जेलचा थेंब, काम झालं. आणि कोरलसाठी पावडर खाणं टाकायची सवय असेल तर हात आवरा, ते खाणं ह्यांनाच लागू पडतं.

आकार कळावा म्हणून एक जुगाड सांगतो, ग्राफ पेपरची बारीक पट्टी कापून काचेला बाहेरून चिकटवा, गोगलगाय तिच्या शेजारून गेली की मिलीमीटर मोजता येतात. काचेच्या जाडीमुळे गोगलगाय पट्टीपेक्षा मागे असते आणि थोडी लहान दिसते, पण एकाची की चारची एवढं कळायला पुरतं.

लेन्स काय करू शकत नाही ते पण लिहितो. ती प्रजाती सांगणार नाही, फार तर कुळापर्यंत पोचवेल, आणि रीफसाठी तेवढं पुरतं. पिल्लं एक मिलीमीटरच्या खाली असतील तर सगळ्याच जाती धूसर ठिपके. चित्राच्या मध्ये शार्प, कडेला मऊ, मोठं प्रिंट वगैरे विसरा. वाकलेल्या काचेच्या टाकीवर तर घेऊच नका, बाऊल टाईप नॅनो (छोटी टाकी) असेल तर पैसे वाया.

एक अवांतर, कारण लेन्सचे फोटो टाकल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं की असा जिवंत दगड कोकणातून उचलून आणता येईल का. अजिबात नको. सगळी हार्ड कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहेत, काही शंखसुद्धा कायद्यात आहेत, मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कायदा बाजूला ठेवला तरी किनाऱ्यावरचा दगड टाकीत आणून टाकला तर त्यातलं निम्मं सडतं आणि अमोनिया वर जातो. दुकानातून घ्या, कागद असलेलं घ्या, बिल मागा, जे बिल द्यायला कां-कूं करतात तिथून निघा.

टिकाऊपणा: काच अजून स्वच्छ आहे, क्लिपच्या स्प्रिंगवर मात्र गंज दिसायला लागलाय, खारं पाणी आहे, होणारच होतं पण इतक्या लवकर नको होतं. वापरून झाल्यावर लेन्स आरओच्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसा, नळाच्या पाण्याचे डाग राहतात, आणि थैलीत ओली ठेवू नका. क्लिपचं रबर फोनच्या स्क्रीनवर वळ उठवतं, थोड्या वेळाने जातात.

पाचपैकी चार. एक स्टार क्लिपचा कापलाय. ८ किंवा १० मिलीमीटरची सपाट काच असेल तर माझ्यासारखी अडीच-तीन सेंटीमीटरवर फोकस करणारी (डब्यावर १५x लिहिलेली) घ्या, १२ असेल तर आधी दुकानात फोकसचं अंतर पट्टीने मोजून बघा, दुकानदार मोजू देत नसेल तर ऑनलाईन रिटर्नवाली मागवा. आणि वाईड अँगल, ट्रायपॉड, रिमोट असा मोठा सेट बाराशेला मिळतो तो घेऊ नका, त्यातली मॅक्रो हीच असते.